संपून जाणाऱ्या कलेचा इतिहास कसा लिहितात?

प्रश्न : परवा मोबाइलवर एक जुनी कृष्णधवल फिल्म पाहण्यात आली. एक जपानी बाई रंगमंचावर पाय दुमडून गप्प बसलेल्या आहेत आणि प्रेक्षक एकेक करून वर येऊन कात्रीने त्यांच्या कपड्यांचे तुकडे कापून नेत आहेत. खाली 'परफॉर्मन्स आर्ट' असं लिहिलं होतं. हे नाटक म्हणायचं की चित्रकलेचाच प्रकार? आणि कार्यक्रम संपल्यावर हातात काहीच उरत नसेल, तर अशा कलेचा इतिहास कोण, कशाच्या आधारावर लिहितो? आपल्याकडे असं कधी झालं आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही पाहिलेल्या बाई म्हणजे योको ओनो. फिल्म मार्च 1965 ची, न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमधली. चित्रीकरण अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स या भावांचं. कृतीचं नाव 'कट पीस'. त्याआधी, 1964 मध्ये, ओनो यांनी ती क्योटो आणि टोक्योत केली होती. पुढे 1966 मध्ये लंडनलाही केली.

ती फिल्म पुन्हा एकदा पाहा, पण या वेळी नजर ओनोंवर न ठेवता कात्री उचलणाऱ्यांवर ठेवा. सुरुवातीचे लोक संकोचत येतात, कापडाचा जेमतेम बोटभर तुकडा कापतात आणि घाईने खाली उतरतात. हळूहळू भीड चेपते. मग एक तरुण येतो. त्याला घाई नाही. लोकांना मजा दाखवत असल्यासारखा तो आतल्या कपड्याचे बंद कापतो. तोवर निश्चल असलेल्या ओनोंची नजर इथे हलते आणि त्या दोन्ही हात छातीशी धरतात. सभागृहात जे काही घडलं ते प्रेक्षकांनी केलं; त्या नुसत्या बसून होत्या. नाटकात दुःशासन झालेला नट पडदा पडला की तोंडाचा रंग पुसून घरी जातो. इथे कात्री चालवणाऱ्याच्या तोंडाला रंगच लावलेला नव्हता. त्याने जे केलं ते खरोखर केलं, आणि साठ वर्षांनंतर तुम्ही सांगलीत बसून ते पाहिलंत.

या कृतीसाठी ओनो यांनी लिहिलेली सूचना काही ओळींचीच आहे. सादर करणारी व्यक्ती बाईच असायला हवी, अशी अट त्यांनी घातलेली नाही, आणि पुरुषांनीही ती केली आहे. 2003 मध्ये, वयाच्या सत्तरीत, ओनो पॅरिसमध्ये पुन्हा तशाच बसल्या. त्या वेळी त्यांनी प्रेक्षकांना विनंती केली, की पोस्टकार्डाएवढा तुकडा कापून घ्या आणि तो आपल्या जिवलगाला पाठवा. रचना तीच, पण चाळीस वर्षांनी तिचा रोख बदलला होता.

नाटक की चित्रकला, हा प्रश्न त्या काळात या मंडळींनाही सारखा विचारला जाई. त्यावर सर्वांत नेमकं लिहिलं ते डिक हिगिन्स यांनी. हिगिन्स कवी, संगीतरचनाकार आणि 'समथिंग एल्स प्रेस' या छोट्या पण जिद्दीच्या प्रकाशनसंस्थेचे चालक. 1966 मध्ये त्यांनी 'इंटरमीडिया' नावाचा निबंध छापला. त्यांचं म्हणणं असं, की ऑपेरात संगीत, शब्द आणि नेपथ्य एकत्र येतात खरे, पण कुठलं काय हे प्रेक्षकाला वेगवेगळं ओळखता येतं. आपल्या संगीत नाटकालाही हे लागू पडतं. 'सौभद्र'मधली पदं बाजूला काढून मैफलीत गाता येतात, आणि लोक गातातच. हे झालं माध्यमांचं मिश्रण. इंटरमीडियात अशी सोडवणूक करता येत नाही. 'कट पीस'मधली मूर्तीसारखी बसलेली आकृती वेगळी काढा, कात्रीचा आवाज वेगळा काढा, प्रेक्षकाचं वर येणं वेगळं काढा. सुट्या भागांना काही अर्थच राहत नाही. म्हणून ती कृती नाटकात बसत नाही आणि चित्रकलेतही बसत नाही. मात्र या वाटेने आलेले बरेच जण चित्रकलेकडून, नृत्याकडून आणि संगीताकडून आले, रंगभूमीवरून फारसे नाहीत. त्यामुळे त्यांची दप्तरं आज नाट्यसंस्थांपेक्षा कलासंग्रहालयांत सापडतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. हा इतिहास मुख्यतः सूचनांच्या कागदांवर आणि हजर असलेल्या माणसांच्या आठवणींवर उभा आहे, आणि दोन्ही गोष्टी अधूनमधून दगा देतात.

कागदाचंच उदाहरण घेऊ. 29 ऑगस्ट 1952 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक कॉन्सर्ट हॉलमध्ये पियानोवादक डेव्हिड ट्यूडर वाद्यापुढे बसले, त्यांनी पट्ट्यांवरचं झाकण बंद केलं, स्टॉपवॉच लावलं आणि एकही सूर वाजवला नाही. रचना जॉन केज यांची. एकूण वेळ 4 मिनिटं 33 सेकंद, आणि तेच तिचं नाव. भाग तीन : 30 सेकंदांचा, मग 2 मिनिटं 23 सेकंदांचा, मग 1 मिनिट 40 सेकंदांचा. भाग संपला की झाकण उघडायचं, पुढचा सुरू करताना पुन्हा लावायचं. हॉल मागच्या बाजूने रानाकडे उघडा होता. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पडणारा पाऊस, आणि तिसऱ्यात श्रोत्यांची कुजबुज आणि उठून जाणाऱ्यांची पावलं, असं केज पुढे सांगत.

त्या संध्याकाळी ट्यूडर रिकाम्या मात्रांची पानं घड्याळाबरहुकूम उलटत होते. ते मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. ट्यूडर यांनी नंतर ते पुन्हा तयार केलं. 1953 मध्ये केज यांनी स्वतः ते वेगळ्या रीतीने लिहिलं : मात्रा नाहीत, उभ्या रेघा आहेत आणि दोन रेघांमधलं अंतर म्हणजे वेळ. त्यानंतर आणखी एक रूप आलं, त्यात फक्त भागांचे आकडे आहेत आणि प्रत्येकापुढे वाद्य गप्प ठेवण्याची संगीतातली रूढ खूण. म्हणजे जिच्यात एकही सूर नाही अशा रचनेचेसुद्धा पाठभेद आहेत, आणि अभ्यासक ते ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहाव्यात तितक्या काळजीने ताडून पाहतात. मला यात काहीही अतिरेक वाटत नाही. कागद बदलला की वादकाचं बसणं बदलतं, आणि ऐकणंही बदलतं.

केज यांच्या घडणीत एक भारतीय बाई अगदी मोक्याच्या जागी येतात. अहमदाबादच्या गीता साराभाई 1946 मध्ये न्यूयॉर्कला गेल्या, पाश्चात्त्य संगीत समजून घ्यायला. केज यांनी त्यांना काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफण्याचं तंत्र, शिकवलं; त्यांनी केज यांना आपलं संगीत. संगीत कशासाठी करायचं, असं केज यांनी विचारल्यावर गीताबेननी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं : मन निवावं, स्थिर व्हावं आणि दैवी प्रभावासाठी मोकळं व्हावं म्हणून. हे उत्तर केज पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्याच सुमारास केज कलाविचारक आनंद कुमारस्वामी यांचं लेखन वाचत होते. 1946 ते 1948 या काळात लिहिलेल्या 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' या त्यांच्या पियानोरचनांमागे नवरसांची कल्पना आहे. संगीतकाराने आपलं मन लोकांपुढे उघडं करायचं, ही धारणा केज यांनी सोडली त्यात गीताबेनच्या त्या उत्तराचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

1950 च्या दशकाच्या शेवटी केज न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये प्रायोगिक संगीतरचनेचा वर्ग घेत. ॲलन कॅप्रो, जॉर्ज ब्रेक्ट, ॲल हॅन्सन आणि आधी उल्लेख आला ते हिगिन्स या वर्गातले. विद्यार्थ्यांत सगळेच काही संगीतकार नव्हते. कॅप्रो चित्रकार, ब्रेक्ट पेशाने रसायनतज्ज्ञ. स्वरलिपीऐवजी साध्या बोलीत सूचना लिहिण्याची पद्धत इथे रुजली. ब्रेक्ट यांच्या सूचना तर कार्डावर मावतील एवढ्याच असत. भांड्यात पाणी थेंबथेंब पडू द्यायचं, ही एक. 1963 मध्ये जॉर्ज मॅच्युनस यांनी ब्रेक्ट यांची ही कार्डं 'वॉटर याम' या नावाने एका खोक्यात भरून प्रकाशित केली. ते खोकं ज्याच्या हाती पडेल त्याने घरच्या घरी प्रयोग करावा, प्रेक्षक असोत की नसोत.

ॲलिसन नोल्स यांनी 1962 मध्ये लंडनला एक सूचना सादर केली : सॅलड करा. त्यांनी लोकांसमोर भाज्या चिरल्या, कालवल्या आणि सगळ्यांना वाढल्या. 2008 मध्ये टेट मॉडर्न या संग्रहालयात हेच मोठ्या जमावासाठी झालं. सूचना तीच, भाज्या आणि माणसं नवी. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातली एकच बंदिश दोन गवयांच्या गळ्यात दोन रूपं घेते, तशीच ही गोष्ट आहे. पुस्तकात गाणं नसतं, पण पुस्तक नसतं तर ते गाणं आपल्यापर्यंत पोचलं नसतं. कधी कधी तर रूप इतकं बदलतं, की मूळ ओळखूही येत नाही. ला माँट यंग यांच्या 1960 सालच्या एका सूचनेत सरळ रेषा ओढून तिचा माग धरायला सांगितलं होतं. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने 1962 मध्ये जर्मनीत वीसबाडेनला डोकं शाई आणि टोमॅटोच्या रसात बुडवलं आणि जमिनीवर पसरलेल्या लांबलचक कागदावर केसांनी ती रेषा ओढली. तो कागद वीसबाडेनच्या संग्रहालयाने जपून ठेवला आहे.

वीसबाडेनचा तो सप्टेंबर म्हणजे 'फ्लक्सस' या गटाची पहिली जाहीर हजेरी. तिथेच फिलिप कॉर्नर यांची 'पियानो ॲक्टिव्हिटीज' ही रचना झाली. कॉर्नर स्वतः तिथे नव्हते. सादर करणाऱ्यांनी काही कार्यक्रमांत मिळून एक जुना पियानो ठोकून, करवतून, उचकटून मोडून टाकला. जर्मन टेलिव्हिजनने ते दाखवलं, छायाचित्रं जगभर गेली, आणि फ्लक्सस म्हणजे वाद्यं फोडणारी टोळी अशी समजूत झाली. ही समजूत अन्यायाची आहे. थेंबांचा आवाज ऐका, सॅलड करा, अशा सूचना लिहिणारी ही माणसं होती. पण थेंबाचं छायाचित्र वर्तमानपत्र छापत नाही. या इतिहासात छायाचित्राचा पुरावा फार जपून वापरावा लागतो, तो यासाठी. फ्रेंच कलावंत ईव्ह क्लाइन यांचं 1960 मधलं प्रसिद्ध छायाचित्र तुम्ही कदाचित पाहिलं असेल : इमारतीच्या उंचीवरून रस्त्यावर झेपावलेला सुटाबुटातला माणूस. प्रत्यक्षात खाली ताडपत्री धरून मित्र उभे होते, आणि अंधाऱ्या खोलीत दोन निगेटिव्ह जोडून ते मित्र नाहीसे करण्यात आले.

आठवणींची तऱ्हा त्याहून वेगळी. 1952 च्याच उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजच्या भोजनगृहात केज यांनी एक संध्याकाळ घडवून आणली. मर्स कनिंगहॅम खुर्च्यांच्या मधून नाचले आणि एक कुत्रा त्यांच्या मागे लागला. रॉबर्ट राउशेनबर्ग यांची कोरी पांढरी चित्रं वर टांगलेली होती आणि ते स्वतः जुन्या ग्रामोफोनवर तबकड्या लावत होते. ट्यूडर पियानोवर, चार्ल्स ओल्सन आणि मेरी कॅरोलाइन रिचर्ड्स कविता वाचत होते. प्रत्येकाला आपापली वेळ ठरवून दिलेली. त्या वेळेत काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पुढे 'हॅपनिंग' म्हणून जे ओळखलं गेलं त्याची ही सुरुवात मानतात. पण पुढे हजर असलेल्यांना विचारलं, तर कुणी म्हणालं केज शिडीवर होते, कुणी म्हणालं व्यासपीठावर. त्यांनी काय वाचलं यावरही एकमत नाही : झेनवरचं व्याख्यान, ख्रिस्ती गूढवादी एकहार्ट, की अमेरिकेच्या राज्यघटनेचा काही भाग? लिखित म्हणावं तर प्रोजेक्टर चालवण्याच्या वेळांचं एक टिपण तेवढं हाती आहे. मला यात इतिहासकाराचं अपयश दिसत नाही. चार बाजूंना तोंड करून बसलेल्या प्रेक्षकांना एकाच वेळी चार गोष्टी दाखवल्या, तर प्रत्येकाने वेगळी संध्याकाळ घरी न्यावी, हाच तर बेत होता.

कॅप्रो यांनी ऑक्टोबर 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन गॅलरीत '18 हॅपनिंग्ज इन 6 पार्ट्स' केलं तेव्हा प्लास्टिकच्या पडद्यांनी तीन खोल्या पाडल्या होत्या. कुठे बसायचं आणि घंटा झाली की कुठे जायचं, याची कार्डं प्रेक्षकांच्या हातात. म्हणजे सगळं पाहिलेला एकही माणूस नाही. हॅपनिंग एकदाच व्हावं, असं कॅप्रो म्हणत. तरीही त्यांच्या टिपणांवरून 2006 मध्ये म्युनिकला ते पुन्हा उभं केलं गेलं. परफॉर्मन्स कलावंत मरिना अब्रामोविच यांनी 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सलग सात रात्री बहुतांशी इतरांच्या जुन्या कृती स्वतः करून दाखवल्या. यावर अजून वाद आहे. मी पुन्हा करण्याच्या बाजूचा आहे. मूळ वातावरण परत येत नाही हे कबूल, पण शरीराने करून पाहिल्याशिवाय कळत नाहीत अशा गोष्टी या कृतींत आहेत, आणि त्या छायाचित्रात कधीच येणार नाहीत.

आता तंत्रज्ञांची बाजू, कारण तिच्यातूनच आपल्याकडची वाट निघते. ऑक्टोबर 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या 69 व्या रेजिमेंटच्या आर्मरीत दहा कलावंत आणि बेल लॅब्जचे सुमारे तीस अभियंते यांनी मिळून '9 इव्हिनिंग्ज' नावाची मालिका केली. अभियंत्यांचे म्होरके बिली क्लूव्हर. राउशेनबर्ग यांच्या 'ओपन स्कोअर'मध्ये टेनिसचा खरा सामना होता. रॅकेटींत ध्वनिक्षेपणाची यंत्रणा बसवलेली. चेंडू लागला की घंटेसारखा आवाज सभागृहात घुमायचा आणि एक दिवा विझायचा. सगळे दिवे विझल्यावर काळोखात काहीशे माणसं आत आली, आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी टिपलेल्या त्यांच्या हालचाली पडद्यावर दिसू लागल्या. यातून कलावंत आणि अभियंते यांची 'ई.ए.टी.' ही संस्था उभी राहिली. त्याच शहरात, 1968 मध्ये, नर्तकी एलेन समर्स यांनी 'एक्सपेरिमेंटल इंटरमीडिया फाउंडेशन' काढलं. सेंटर स्ट्रीटवरच्या फिल निब्लॉक यांच्या माडीवर त्याचे कार्यक्रम 1973 पासून अनेक दशकं होत राहिले.

डेव्हिड ट्यूडर 1969 मध्ये अहमदाबादला आले आणि त्यांनी राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मूग सिंथेसायझर बसवून दिला. तिथे पुढची दोन-तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग झाले. करणाऱ्यांत गीता साराभाईही होत्या. मग तो स्टुडिओ विस्मरणात गेला. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात ती ध्वनिफितींची रिळं सापडली आणि 2023 मध्ये त्यांतलं संगीत प्रकाशित झालं. पन्नास वर्षं ते कपाटात होतं.

मुंबईत त्याच वर्षी, 1969 मध्ये, चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशांतून 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं. चित्रकार, चित्रपटवाले, छायाचित्रकार एकत्र यावेत आणि कॅमेरा, डार्करूम सगळ्यांना वापरता यावी, हा हेतू. तेव्हा विशीत असलेल्या चित्रकार नलिनी मालानी यांनी आपले पहिले चित्रपट तिथे केले. पदमसींनी स्वतः केलेल्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या लघुपटाची एकच प्रत होती, ती हरवली. 2016 मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन, त्यांच्या आठवणींतून तो पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचीच एक फिल्म झाली.

मालानी यांनी 1992 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतल्या तेव्हाच्या गॅलरी केमोल्डमध्ये 'सिटी ऑफ डिझायर्स' केलं. चित्रं थेट भिंतींवर काढली. पंधरा दिवस लोकांनी ती पाहिली आणि मग भिंतींना पांढरा रंग मारण्यात आला. विकायला काहीच ठेवलं नाही. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं हेळसांडीने नष्ट होत असल्याची खंत त्यामागे होती. पुढच्या वर्षी त्यांनी अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर मॅक्स म्युलर भवनात जर्मन नाटककार हायनर म्युलर यांच्या संहितेवर 'मेडेआप्रोजेक्ट' केलं. तिथे नेपथ्य, चित्र आणि अभिनय यांच्या सीमा राहिल्याच नाहीत.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती रुमाना हुसैन यांची कृती. रुमाना मुळात चित्रकार. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतरच्या मुंबईत आपल्या नावामुळे आपण कोण ठरतो, हा प्रश्न त्यांच्या अंगावर आला आणि केवळ रंग-कॅनव्हास पुरेनासा झाला. 1995 मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात त्यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' सादर केलं. पायांत घुंगरू बांधून, हातात मधोमध चिरलेली पपई घेऊन, तोंड किंकाळी फोडल्यासारखं उघडं ठेवून त्या चालत राहिल्या. आवाज मात्र फक्त घुंगरांचा. त्या पपईत कुणाला घुमट दिसला, कुणाला गर्भाशय. 1999 मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. त्यांनी या कृतीचं व्हिडिओचित्रण करवून घेतलं होतं म्हणून आज आपण तिच्याबद्दल बोलू शकतो, पण चित्रणात कॅमेरा त्यांच्याकडे वळलेला आहे, प्रेक्षकांकडे नाही.

प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर गोव्यावर लक्ष ठेवा. निखिल चोप्रा तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस चालणाऱ्या कृती करतात. चित्रकार आजोबांवरून घडवलेलं 'योगराज चित्रकार' हे त्यांचं पात्र गाजलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये गोव्यात 'एचएच आर्ट स्पेसेस' सुरू केलं.

आणि आमच्या वाचकांपैकी कुणी 1992 मध्ये केमोल्डच्या त्या भिंती पाहिल्या असतील, किंवा 1995 मध्ये एनसीपीएत रुमाना हुसैन यांच्या कृतीच्या वेळी हजर असेल, तर काय दिसलं, आजूबाजूचे लोक काय करत होते, कोण थांबलं आणि कोण निघून गेलं, हे तारीख आठवत नसली तरी लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवावं. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तरी आम्ही दोन्ही छापू.